तीन मिनिटांचा निरोप

“काहीच ऐकू येत नाही! सेलू, तुम्ही सांगा!” मुंबईच्या पेढीवरचा आवाज प्रभाकररावांच्या कानात चिरकला.

सेलूच्या पोस्टात हे नेहमीचंच. गिऱ्हाइकाच्या फोनातला आवाज नागपूर ओलांडता ओलांडता विरून जाई. टेलिफोनच्या बोर्डावर बसलेल्या प्रभाकररावांचा मात्र पोचे. मग गिऱ्हाइकानं बोलावं आणि त्यांनी तेच पुढं सांगावं. पदरचा शब्द घालायचा नाही, दुसऱ्याचा गाळायचा नाही. सात वर्षांत त्यांनी कापसाचे भाव सांगितले, सोयरिकी सांगितल्या, मरणंसुद्धा सांगितली. अभंग बुवांचा, टाळ नुसता वाजतो. टाळाला कसलं आलंय पाप-पुण्य, असं ते हसून म्हणत.

आज समोर पेढीच्या जिनिंग कारखान्याचे मॅनेजर हिरालालजी उभे होते. धोतराला काजळी. सकाळी जिनिंगला आग लागली, तिथला फोनही जळला, म्हणून ते पोस्टात आले होते.

“सांगा, आग विझली.”

“आग विझली,” प्रभाकरराव म्हणाले.

“अर्धा कोठा कापूस गेला.”

“अर्धा कोठा कापूस गेला.”

तिकडून प्रश्न आला. प्रभाकररावांनी तो जसाच्या तसा विचारला, “आत कोणी माणूस होता का?”

हिरालालजींनी खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात बैलगाडी उभी होती. गाडीत जिनिंगचा मजूर कवडू. दोन्ही हात कोपरापर्यंत केळीच्या पानांत गुंडाळलेले. दर शनिवारी मारुतीच्या देवळात कीर्तनाला हेच हात मृदंगावर पडत आणि त्यांच्या शेजारी प्रभाकरराव टाळ धरून उभे राहत. गावच्या डॉक्टरनं सांगून टाकलं होतं, आजच्या आज नागपूरला न्या. पेढीची मोटर जिनिंगच्या फाटकात उभी होती; मुंबईचा हुकूम आल्याशिवाय ती हलणार नव्हती.

“सांगा, कोणी नव्हतं.”

प्रभाकररावांनी तोंडासमोरचा भोंगा मुठीत दाबला. “हिरालालजी, कवडू...”

“कवडू आगीच्या आधीच काम सोडून गेलता. त्याचे हात घरच्या चुलीवर जळले, असं समजा.” हिरालालजींचा आवाज एकदम खाली आला. “दाराले बाहेरून कडी होती, प्रभाकरराव. मानसं बिडी प्यायले पळतात म्हणून मीच लावलती. मुंबईले समजलं त माह्यी लेकरं उघड्यावर येतात. हात जोडतो तुमाले. तुमी फक्त निरोप पोचवा. तुमचं कामच थे.”

“सेलू, अडीच मिनिटं झाली,” मधली नागपूरची ऑपरेटर म्हणाली.

कवडूची बायको सखू खिडकीशी आली. पदर तोंडाशी धरलेला. “भाऊजी, येते का हो मोटर? थे नुसतं पानी पानी करून राह्यले.”

हिरालालजींनी मान फिरवली.

सात वर्षांची सवय. प्रभाकररावांची मूठ सुटली आणि शब्द गेले, “कोणी नव्हतं.”

आवाज त्यांचाच होता. खणखणीत, कीर्तनातला. मुंबईपर्यंत स्वच्छ पोचला.

“हुश्श!” पलीकडचा माणूस म्हणाला. “पांडुरंग पावला म्हणायचं. प्रसाद वाटा आमच्या नावानं.”

प्रभाकररावांनी हे काही हिरालालजींना सांगितलं नाही. सात वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एक निरोप गाळला. बाहेर बैलानं मान हलवली. घुंगरं वाजली, आणि गाडीतून कवडू कण्हला.

“तीन मिनिटं झाली,” नागपूरची ऑपरेटर म्हणाली. “सेलू, तोडू?”

“तोडा, तोडा,” ऑपरेटरचं बोलणं ऐकू येत नसतानाही हिरालालजी घड्याळाकडं पाहून म्हणाले. कपाळावरचा घाम त्यांनी बाहीनं पुसला.

“नको,” प्रभाकरराव म्हणाले. “मुंबईला धरून ठेवा. आणखी तीन मिनिटं द्या.”

“कोणाच्या नावावर लिहू? हिरालालजींच्याच?” ऑपरेटरनं विचारलं.

हिरालालजींचा हात बोर्डावरच्या, फोन जोडणाऱ्या दोरीकडं आला. प्रभाकररावांनी तो आपल्या हातात घेतला, घट्ट, आणि सोडला नाही.

“नाही,” ते म्हणाले. “नाव माझं लिहा.”