पाचवी गाडी

वडिलांनी बॉनेटवर तळहात टेकवला आणि नाडी तपासणाऱ्या वैद्यासारखे डोळे मिटले.

“गरम आहे,” ते म्हणाले. “आपण यायच्या आधीच चालू करून ठेवली. थंड इंजिन कुरकुरतं, ते ऐकू येऊ नये म्हणून. सगळे विकणारे हेच करतात.”

“गरम असणारच,” गाडीची मालकीण म्हणाली. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या त्या. “आत्ताच भाजी घेऊन आले.”

वडील मुलीकडे बघून हसले. हे त्यांचं ठेवणीतलं हसू. जग लबाड आणि आपण तेवढे शहाणे, असा त्याचा अर्थ.

मुलगी फिजिओथेरपिस्ट होती. शंभर किलोमीटरवरच्या एका हॉस्पिटलने तिला नोकरी दिली होती. आसपासच्या गावांत घरोघरी जायचं, अंथरुणाला खिळलेल्यांकडून व्यायाम करून घ्यायचा. अट एकच, स्वतःची गाडी हवी. सोमवारी गाडी घेऊन हजर झाली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्याला जाणार होती. आज शनिवार होता.

याआधीच्या चार गाड्या वडिलांनी निकालात काढल्या होत्या. पहिलीच्या दारावर रंगाखाली पोचे बुजवायची लांबी भरलेली, म्हणजे गाडी ठोकलेली. दुसरीचे टायर संपलेले. तिसरी कमी चाललेली दिसते, पण ब्रेकचं पेडल पार गुळगुळीत, म्हणजे मीटर मागे फिरवलेला. चौथीचा मालक फारच गोड बोलत होता. असले सल्ले कुठल्याही मासिकात फुकट वाचायला मिळतात. वडील मात्र स्वतः शोध लावल्याच्या थाटात सांगायचे. आयुष्यात त्यांनी एकच वाहन घेतलं होतं, एक स्कूटर, आणि तीही सासऱ्यांनी निवडून दिलेली. पण प्रत्येक वेळी त्यांनी आणलेला मेकॅनिक शेजारी उभा राहून मान डोलवायचा. मुलीचा त्या मान डोलवण्यावर भरवसा होता. त्या माणसाने तीस वर्षं गॅरेजात काढली होती.

आजही तो गाडीखाली शिरला. वडील बाईंना घेऊन घरात कागदपत्रं बघायला गेले. विम्याच्या तारखेवरून त्यांनी घातलेली हुज्जत बाहेर अंगणापर्यंत ऐकू येत होती.

मेकॅनिक बाहेर आला. हात पुसत उभा राहिला.

“काका, हिच्यात काय निघालं?” मुलीने विचारलं. तिला आता उत्तराचीही भीती वाटत होती.

“काही नाही, ताई. गाडी उत्तम आहे. पाचही उत्तम होत्या. लांबी नव्हती, मीटर कोणी फिरवला नव्हता.”

“मग तुम्ही मान का डोलवत होतात?”

“साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणाले, प्रत्येक गाडीत खोट काढायची. गाडी मिळाली की पोरगी जाणार, मग माझ्या चहा-जेवणाचं कोण बघणार?” तो जमिनीकडे बघत राहिला. “मलाही दोन मुली आहेत. आज नाही जमलं खोटं बोलायला.”

महिनाभर मुलगी या मेकॅनिकच्या मागे वही घेऊन फिरली होती. त्याने मान डोलावलेली एकेक खोट टिपून घेत होती. तिला स्वतःचीच किळस आली, आणि मग त्याची.

वडील पायऱ्या उतरत आले. नाक आधीच मुरडलेलं होतं.

“चल. हिच्यात दम नाही. घाई करायची नसते, पुढच्या महिन्यात बघू.”

ती त्यांना ओलांडून बाईंकडे गेली आणि त्यांनी सांगितलेल्या किमतीचा चेक लिहून दिला. एक रुपयाही कमी केला नाही. बाईंनी किल्ली तिच्या हातात ठेवली.

“अगं, पण मेकॅनिकला तर विचार,” वडील म्हणाले.

“विचारलं,” ती म्हणाली. “सोमवारला दोन दिवस आहेत, बाबा. तेवढ्यात गॅस पेटवायला शिका.”