दोन नळ्यांची भट्टी

भट्टीचा सांधा दुसऱ्यांदा फुटला, तेव्हा रेवाबाई तिथंच मातीत बसली.

वाफ भसकन बाहेर आली. मडक्यावर उपडं घातलेलं झाकण कलंडलं, लिंपलेली माती उडाली आणि आठ दिवस भिजत घातलेल्या मोहाची दारू हवेत निघून गेली. खाटेवरून रायसिंगनं खोकत खोकत मान वर केली.

“ऱ्हाऊ दे वं, रेवा. नशीबमाच नही.”

“नशीबले कसाले बोल लावस? नळी सांकडी शे.”

खरी गोष्ट तीच होती. मडकं तिप्पट मोठं आणलं, पण वाफ न्यायला बांबूची नळी जुनीच, बोटभर जाडीची. मोठ्या पोटाचा श्वास लहान नाकातून कसा निघणार? उभ्या पाड्याच्या लग्नांना दारू गाळून जिचे हात काळे पडले, तिला हे आधी सुचायला हवं होतं. पण थकलेल्या माणसाचं डोकंही थकतं. रेवाबाई फार थकली होती.

जुन्या मडक्यात पाहुण्यारावळ्यांपुरती दारू निघायची. या लग्नाला मात्र वरचा आणि खालचा, दोन्ही पाडे येणार होते. आणि त्यांच्यात रीत अशी, की लग्नाची दारू नवरीच्या चुलीवर आणि एकाच भट्टीत उतरलेली हवी. दोन भट्ट्यांची असली की एकाला कडक जाते, दुसऱ्याला पाणी. मग मानापमान निघतो आणि मग काठ्या. मागच्या खेपेला नेमकं तेच झालं. वरच्या पाड्याच्या वाट्याला पातळ दारू गेली आणि सगळे मांडवातून उठून चालते झाले.

हे लग्न तीनदा मोडलं होतं. एकदा दुष्काळ आडवा आला, एकदा मानमोडीच्या तापाची साथ, आणि तिसऱ्यांदा ही दारू. तशी पाड्यावर लग्नं राहूनच जात. माणसं एकत्र राहायला लागत, शेत पेरत आणि मांडवाचं पुढच्या मोहाला बघू म्हणत. पण तीनदा मोडलेलं लग्न हे एकच. पाणवठ्यावर बायका त्यावरून हसत, आणि ते हसणं रेवाबाईच्या फार जिव्हारी लागे.

त्यात रायसिंगची छाती. मिशनच्या डॉक्टरनं त्याला तपासलं आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं, की पावसाळा निघणं कठीण आहे. म्हणजे लग्न व्हायचं तर याच मोहाला. रायसिंगशिवायचा मांडव तिला नको होता.

मडकं घ्यायला ती नात सोमीला घेऊन कोरीट गावी पायी गेली होती. पितांबर कुंभारानं कपाळाला हात लावला होता.

“इतलं मोठं मडकं? दारूनं दुकान टाकस का काय?”

“लगीन शे.”

“कोनं?”

एवढ्यात पितांबरला मागं उभी असलेली सोमी दिसली, आणि तो समजून हसला. “पोर गुनी दिखस,” म्हणाला. सोमीनं तोंडाला पदर लावला. मडकं डोक्यावर चढवून रेवाबाई वाटेला लागली.

आता ती मातीतून उठली. सोमीकडून जाड बांबू तोडून आणवला. झाकणाला दुसरं भोक पाडताना सुरी फार जपून फिरवली, कारण झाकण तडकलं असतं तर पुन्हा कोरीट गाठायला पायांत जोर नव्हता. दोन भोकांना दोन नळ्या, प्रत्येक नळीखाली थंड पाण्यात ठेवलेली घागर. उरलेला मोह सगळा भिजत घातला. यापुढे चूक करायला मोह नव्हता.

“मी तवलग टिकसू का?” रायसिंगनं एकदा विचारलं.

“टिकनं पडी,” ती म्हणाली, आणि तोंड फिरवून चुलीत लाकूड सारलं.

नवव्या दिवशी भट्टी लावली. सांध्यानं दम धरला. दोन्ही नळ्यांतून धार सुरू झाली आणि नेमका पाड्याचा कारभारी सुरुपसिंग आला. त्यानं नळ्या पाहिल्या आणि भुवया चढवल्या.

“दोन नळ्या, म्हंजे दोन धारा व्हयन्यात. वरला पाडा मानाव नही.”

रेवाबाईनं आवाज शांत ठेवला.

“चुली कितल्या शेतस?”

“एक.”

“मडकं?”

“एक.”

“मंग भट्ट्या कितल्या व्हयन्यात?”

पळसाचा द्रोण घेऊन सुरुपसिंगनं या घागरीतली चाखली, मग त्या घागरीतली. पुन्हा पहिलीतली. तो चाखत राहिला आणि रेवाबाईचा जीव टांगणीला लागला.

“चव एकच शे,” तो शेवटी म्हणाला. “चालनार.”

लग्नाच्या दिवशी दोन्ही पाडे जमले. आधी देवाला धार सोडली, मग वरच्या पाड्याला, मग खालच्या. रेवाबाईनं स्वतःच्या हातानं वाढलं. शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या म्हाताऱ्याचा द्रोण भरला, तेव्हा घागरीच्या तळाशी अजून चार बोटं दारू होती. कुणी उठून गेलं नाही. सुरुपसिंगनं मिशा पुसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “पुरनी!”

ढोल वाजायला लागले. रेवाबाई घरात आली आणि भिंतीला पाठ टेकून बसली. तिला रडावंसं वाटत होतं, आणि त्याहून जास्त निजावंसं वाटत होतं.

सोमी हळदीची वाटी घेऊन आत आली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली.

“ऊठ, मोठी माय,” ती आजीला म्हणाली. “मोठा बाबा नवरदेव व्हईसन, खोकत खोकत, कव्हयना पाटवर बठेल शे. अन सारा इचारी ऱ्हायनात, नवरी कोठे शे?”