कातडं कुणाचं

“शाळेत कोणत्याही विद्यार्थ्याला मारता येणार नाही,” मुख्याध्यापक मधुसूदन सरांनी वाचलं आणि सगळा हॉल हसला.

सरही हसले. वर्षातून एकदा शाळेचे नियम आणि मुलांचे हक्क पालकांना वाचून दाखवायचे, दाखवले म्हणून त्यांच्या सह्या घ्यायच्या, असा वरचा हुकूम होता. हुकूम म्हटल्यावर वाचणं आलं. पाळायचं नंतर बघू. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “बघा बुवा, सरकारनं आमचे हात बांधलेत. आता तुमची पोरं तुम्हीच सांभाळा.”

मग पुरुषांच्या बाजूनं एकेक जण उठून सरकारला खोटं पाडू लागला. “काय भ्यायचं नाय सर, बिनधास्त हाणा. आम्ही बी तुमचाच मार खाऊन माणसं झालो.” सगळ्यात मोठा आवाज हनुमानचा. “हाडं आमची, कातडं तुमचं!”

पोर शाळेत घालताना बापानं मास्तरला हे म्हणायचं, ही जुनी रीत. हाडं तेवढी शाबूत परत द्या, वरचं कातडं सोललं तरी आमची तक्रार नाही. असं म्हटलं की बापाची छाती फुगते आणि मास्तरचा हात मोकळा होतो. कातडं ज्याचं असतं, त्याला मात्र कुणी विचारत नाही.

हनुमानचीच पोर सुकेशनी मागच्या बाजूला आईच्या पदराआड उभी होती. सहावीतली. पावसानं सलग तिसऱ्या वर्षी तोंड फिरवलेलं. दौलताबाद रोडला जिथं मेंढ्या चरायच्या, तिथं आता चार-चार मजले उठले होते. त्या मजल्यांना नळ होते, धनगरवाडीला टँकर. तो यायचा नेमका शाळेच्या वेळेला. शाळा उघडली त्याच आठवड्यात सुकेशनी दोन हंडे भरून, ते घरात टेकवून पळत आली, तर गेटवर मधुसूदन सर छडी घेऊन उभे. टँकरचं सांगायला तिनं तोंड उघडलं, तर उलट उत्तर दिलं म्हणून आणखी छड्या बसल्या.

तळहातावरचे वळ जिरले, पण पोरीनं शाळेचं नाव टाकलं. मला नको शाळा, मी आज्यासंगं मेंढरांमागं जाते, म्हणाली. हनुमान म्हणाला, जाऊ दे, पाणी भरायला तरी माणूस होईल. कस्तुराबाईनं मात्र लेकीला आज हाताला धरून ओढत आणलं होतं. आज शाळा सुटली तर कायमची सुटली, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सह्यांचा कागद फिरत फिरत तिच्यापाशी आला. शिपाई रामकिसननं शाईचं पॅड पुढं केलं. कस्तुराबाईनं हात उचललाच नाही.

“सर, ते मारायचं परत वाचा.”

“वाचलं की आत्ताच.”

“समदे हसत व्हते. नीट ऐकू आलं नाय.”

सरांनी पुन्हा वाचलं. या वेळी कुणी हसलं नाही.

“मग माझ्या लेकीला का मारलं?”

हनुमान पुढून ओरडला, “खाली बस गं! चारचौघांत इज्जत काढती का?”

सरांनी आवाजात साखर घातली. “अहो कस्तुराबाई, तुमच्या मालकांनीच परवानगी दिली ना आत्ता. कातडं तुमचं म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं.”

“म्या बी ऐकलं. पर ते द्यायला त्यांचं नव्हतंच. नऊ महिने म्या वागवलंय ते.”

बायकांच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं. केसरबाईनं अंगठ्याला शाई लावली होती, ती तिनं हळूच लुगड्याला पुसली. तिच्या शेजारणीनं हातातलं पेन खाली ठेवलं. सरांनी ते पाहिलं. छडीला भिऊन गप्प बसणारी माणसं त्यांच्या ओळखीची होती. ही जात त्यांना नवीन होती.

“पटत नसेल तर दाखला काढा आणि घेऊन जा पोरीला,” ते म्हणाले.

“आठवीपर्यंत कुणालाच काढून टाकता येत नाय. तुम्हीच वाचलं मघाशी. मी अंगठा करते, सर. पर आधी तुम्ही म्हणा, इथं, समद्यांसमोर. पुन्यांदा पोरांवर हात टाकणार नाय म्हणा.”

सरांच्या बोलण्यातलं अहो-जाहो तिथंच गळून पडलं. “स्वतःची सही करता येत नाही, आणि मला कायदा शिकवतेस? शाळेचं तोंड पाहिलं असतंस तर अक्कल आली असती!”

कस्तुराबाईनं सुकेशनीला पदराआडून पुढं घेतलं आणि आपल्या शेजारी उभं केलं.

“पाहिलं व्हतं की, सर. माहेर इथलंच माझं. दुसरीत तुमच्याच वर्गात व्हते. मी पळाले. ही नाय पळायची.”