पडद्याच्या पुढे

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून देवदत्त बायकोला, कौमुदीला, गोवा दाखवायला घेऊन गेला. परतताना विमानतळावर काउंटरवरची मुलगी त्याला म्हणाली, "सर, आप तो हमारे गोल्ड मेंबर हैं. आपकी सीट आगे बिझनेस क्लास में कर दी है. मॅडम पीछे ही बैठेंगी."

कंपनीच्या खर्चानं दिल्लीच्या चकरा मारून कमावलेला मान तो! देवदत्त गालातल्या गालात हसला.

"कार्ड माह्या नावाचं आहे, कौमुदी. नियमच तसा आहे, मी तरी काय करू?"

तो पुढे जाऊन ऐसपैस बसला. कौमुदीला शेवटची रांग मिळाली, संडासाला लागून. विमान उडालं आणि दोघांच्या मध्ये पडदा ओढला गेला. गरम टॉवेलनं तोंड पुसतानाचा फोटो मात्र त्यानं रायपूरला उतरल्याबरोबर सगळ्या सासरवाडीला पाठवला.

समता कॉलनीतल्या घरी तो अंघोळ करून बाहेर आला, तर त्याची उशी आणि चादर बैठकीतल्या दिवाणावर. बेडरूमच्या दाराचा पडदा ओढलेला.

"हे काय लावलं?"

पडद्यामागून आवाज आला, "तुमची सीट समोर करून देली. पलंग माह्या बाबांनी देलेला आहे ना! नियमच तसा आहे, मी तरी काय करू?"