चार फुगे, एक गाठ

धाकटी सुटकेस ओढत दाराशी पोचली, तोच थोरल्या जावेने फुगवत असलेला फुगा सोडला आणि तिचा हात धरला. फुगा फुर्रर्र करत घरभर हिंडला आणि सासूबाईंच्या चहात पडला.

"सोडा जाऊबाई! चार जोडप्यांच्या चार खोल्या, भिंतीला भिंत. मी साधं शिंकले, तरी हॉलमधून आई विचारतात, बरं नाही का गं?"

सासूबाई चहातला फुगा चमच्याने काढत बसल्या. घर फुटतंय, एवढंच त्यांना दिसत होतं.

थोरली शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. उद्याच्या तासाचे चार फुगे तिने एका गाठीत बांधले आणि दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरले.

"कार्बनचा अणू आपण कागदावर असा काढतो. चारही बंध एका सपाटीत, खेटून. आता बघा."

तिने हात काढले. एक फुगा टुणकन वर गेला, तिघे खाली ऐसपैस पसरले.

"जमेल तितके लांब. तरी गाठ सुटली नाही."

सगळ्यांच्या नजरा छताकडे वळल्या. वर सासूबाईंची अडगळीची खोली होती.

"धाकटी असून ही वर?" दुसरी जाऊ फणकारली.

"बंध जोडताना कार्बनच्या चार कक्षिका, म्हणजे इलेक्ट्रॉनची घरं गं, एकमेकींत मिसळतात. आधी एक निराळी, तिघी निराळ्या. मग चौघी अगदी सारख्या. त्याला संकरण म्हणतात. थोरली-धाकटी उरतच नाही." थोरलीने फुगे फिरवले. दुसराच वर आला. "पुढच्या वर्षी तू जा."

"आणि ती मधली गाठ?" सासूबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"ती तुम्ही, आई. चौघींपासून सारख्याच अंतरावर."

सासूबाई खुलल्या. त्यांनी कमरेची किल्ली काढून दिली. संध्याकाळपर्यंत अडगळ खाली आली, सुटकेस वर गेली.

सकाळी धाकटीने दार लावून घेतलं आणि मोकळ्या मनाने, खणखणीत शिंकली.

"बरं नाही का गं?"

आवाज दाराबाहेरूनच आला. तिने बाहेर डोकावून पाहिलं. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर खाट टाकून सासूबाई निवांत चहा पीत होत्या.

"हॉलमधून थोरलीचं नीट ऐकू यायचं नाही," त्या म्हणाल्या. "आता कसं, चौघींचं सारखं!"