सुरगाठ

चौथ्यांदा गाडी सुरू झाली आणि चौथ्यांदा दोन उचक्या देऊन बंद पडली. सांतान मेस्त्रीने किल्ली काढली आणि गिऱ्हाइकाला पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

मोटरसायकल सत्यवानची. आंबोलीत त्याची खानावळ होती आणि दर बुधवारी तो मासळीसाठी मालवणला उतरायचा. वर गाडी लोण्यासारखी चालते, म्हणाला. घाट उतरून सावंतवाडी आली की कुरकुर, कुडाळला उचक्या, आणि समुद्राचा वास आला की मेलीचा जीवच जातो. गेल्या बुधवारी असं काही नव्हतं. मधे फक्त सर्व्हिसिंग झालं होतं.

"कोणाकडे केलंस?"

"आमच्या वरच्या गॅरेजवाल्या बाईकडे. तिनाच सांगल्यान, खाली तरास झालो तर मालवणात सांतान मेस्त्रीक दाखव. दुसऱ्या कोणाक हात लावूक देव नको."

आंबोलीत गॅरेज चालवणारी बाई एकच होती. सांतानची मुलगी, फेबी. सत्यवानला ते ठाऊक नव्हतं. सांताननेही सांगितलं नाही.

पाच वर्षांपूर्वी ती कणकवलीहून फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचा कोर्स करून आली. याच शेडमध्ये, चार गिऱ्हाइकांसमोर, तिने बापाला सांगितलं की पप्पा, उगाच खोलत बसू नका, याला कार्बोरेटर नाही, सेन्सर गेलाय. तिचं बरोबर होतं, म्हणूनच ते लागलं. तुझ्या त्या सेन्सराच्या डब्यात आसा काय, सांतान म्हणाला होता, वायरी नि वारो. एवढी शहाणी असशील तर वेगळं गॅरेज घाल. तिने घातलं. जेवढं लांब आणि जेवढं उंच घालता येईल तेवढं.

रविवारी त्याची बायको पिएदाद चर्चमधून आली की लेकीचा तिला फोन यायचा. नेमकं तेव्हाच सांतानला खिडकीखालच्या मोगरीला पाणी घालायचं आठवायचं. पिएदाद मुद्दाम मोठ्याने बोलायची. एक मोगरी पाण्याने कुजली, तिथे त्याने दुसरी लावली. पण फोन माझ्याकडे दे असं तो कधी म्हणाला नाही, आणि पलीकडूनही त्याला कुणी फोनवर बोलावलं नाही.

जाताना फेबी कोर्सची एक वही मागे ठेवून गेली होती. विसरली की ठेवली, ते त्याला कळलं नाही. दोनशे पानांची ती वही त्याने ओळीखाली बोट धरून वर्षभरात वाचली, मग परत वाचली. फोनवर यातलं काही काढायचं नाही, असं त्याने पिएदादला बजावलं होतं.

वर बरी आणि खाली नाही, म्हणजे खोट हवेशी निगडित. घाटावर हवा विरळ, तिथे पेट्रोल कमी लागतं. किनाऱ्यावर हवा दाट, पेट्रोल जास्त लागतं. किती सोडायचं ते एक इवलासा सेन्सर हवेचा दाब मोजून ठरवतो. वहीच्या एकसष्टाव्या पानावर त्याचं चित्र होतं. सांतानने सीट काढली, सेन्सरची रबरी नळी चाचपत टोकापर्यंत गेला, आणि त्याची बोटं तिथेच थांबली.

नळीचं तोंड दुमडून बांधलेलं होतं. जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने.

खाऱ्या वाऱ्यात लोखंडी क्लिपा गंजतात, म्हणून सांतान आयुष्यभर नळ्या जाळ्याच्या दोऱ्याने बांधत आला होता. घाटावर तो दोरा दुसरं कोण वापरणार? नळीत आंबोलीची हवा कोंडून राहिली होती. गाडी मालवणात उभी होती आणि तिला वाटत होतं, आपण अजून आंबोलीतच आहोत.

आधी त्याला वाईटच वाटलं. एवढी शिकलेली पोर, आणि नळीचं तोंडच आवळून मोकळी झाली. मग त्याने चष्मा पुसून परत पाहिलं. नळी कायमची बांधायची ती निरगाठीने, टोक काडीने जाळून. ही सुरगाठ होती. टोक चांगलं वीतभर लांब ठेवलेलं, ओढायला. जी नळी थोडा वेळ बंद करून परत सोडायची असते तिलाच ही गाठ मारतात. सात वर्षांच्या फेबीला शेडच्या पायरीवर बसवून त्यानेच ती शिकवली होती.

जुना सांतान पेट्रोलच्या मागे लागला असता. त्याने टाकी उतरवली असती, गाडी अर्धी खोलली असती, आणि हे टोक त्याला दिसलंही नसतं.

त्याने दोरा ओढला. बारीक सुस्कारा टाकावा तसा आवाज झाला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि शांतपणे चालत राहिली.

सत्यवान खूश झाला. मासळीची पिशवी त्याने हँडलला अडकवलीसुद्धा.

"थांब जरा," सांतान म्हणाला आणि गाडी बंद करून परत खाली बसला. दर्याकडून माडांतून वारा येत होता. त्या बाजूला नळीचं तोंड करून त्याने ते थोडा वेळ उघडं धरलं. मग दुमडलं, तोच निळा दोरा गुंडाळला आणि सुरगाठ मारली. टोक वीतभर ठेवलं. चाळीस वर्षांत खोट ठेवून त्याने एकही गाडी परत दिली नव्हती.

"मेस्त्रीनू, ह्या काय करतास?"

"हय बरी चलतली. घाट चढताना जड होतली, काळो धूर सोडतली. पण पोचतली. सरळ तिच्या गॅरेजात ने."

"आणि तिका काय सांगू?"

सांतानने फडक्याला हात पुसले. पुसून झाल्यावरही तो पुसत राहिला.

"सांग, बापाशीन वारो पाठवल्यान."