शून्य टक्के

बॅटरी शून्यावर आली आणि लॅपटॉप चालूच राहिला.

दशरथ मोंडकरने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. शून्य टक्के, लाल अक्षरांत. तरी स्क्रीनवरची हिरवी लाट आपली हलतेच आहे.

घाटकोपरच्या टेकडीवर एकशेबारा पायऱ्या चढून आलं की जी शेवटची गल्ली लागते, तिथे तो उलट्या बादलीवर बसला होता. गल्लीला नऊ दिवस पाणी नव्हतं; हंडे घेऊन पायऱ्या उतरायच्या आणि खालून आणायचं. पाइप जमिनीखाली कुठेतरी फुटला होता. दोन टोकांना दोन सेन्सर लावायचे, फुटक्या जागेतून पाणी निसटतं तो आवाज पकडायचा आणि जागा सांगायची, हे दशरथचं काम. पण आवाज यायला पाइपात पाणी लागतं, आणि ते पाइपात सोडलं जायचं दिवसातून पाऊण तास. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याने पावणेअकराला खालची चावी खोलली होती. साडेअकराला तो ती बंद करणार म्हणजे करणार, त्याला देवाचीही भीड नव्हती. तेवढ्यात जागा सापडली तर सापडली, नाहीतर गल्लीच्या नशिबी दहावा दिवस.

"भाऊ, माझ्या घरातून वायर देऊ का?" द्रौपदीबाईंनी दारातून विचारलं. गल्लीतलं शेवटचं घर त्यांचं.

"नको ताई. चार्जर लावला की विजेची गुणगुण आत शिरते. मग पाण्याचा आवाज कुठला नि विजेचा कुठला, कायच कळत नाय."

त्याने नीलमला फोन लावला. स्टेशनजवळच्या गाळ्यात बॅटऱ्या दुरुस्त करणारी पोरगी. कालच तिने ही बॅटरी करून दिली होती.

"नीलम, तुझ्या बॅटरीने वाट लावली गं. पंधरा मिनिटांत शंभरावरून शून्य."

"लॅपटॉप बंद पडला का काका?"

"नाय पडला. तेच तर."

"मग कशाला घाबरता? एवढ्या जुन्या मॉडेलची बॅटरी आता मिळत नाही, म्हणून मी डबा जुना ठेवून आत सेल नवीन घातले. पण किती चार्ज उरलं ते मोजणारी सर्किटची पट्टी जुनीच आहे. तिला वाटतंय, अजून तीच म्हातारी बॅटरी आहे. मी सांगितलं होतं ना, रात्री एकदा पार बंद पडेपर्यंत चालवा आणि मग पूर्ण चार्ज करा, म्हणजे तिला कळेल आता आत किती मावतं. चालवली का?"

दशरथने चालवली नव्हती. कुठलीही गोष्ट संपेपर्यंत वापरणं त्याच्या घराण्यातच नव्हतं. साबणाचा झिजलेला तुकडा नव्या वडीला चिकटवणारा माणूस तो. काल रात्री वीस टक्के दिसले तसा त्याने लॅपटॉप मिटला होता, चार्जिंगला लावला होता आणि वर बायकोला ऐकवलं होतं, की वस्तू जपली तर टिकते.

"शून्यावर बंद व्हायचं सेटिंग मी काढून ठेवलंय," नीलम म्हणाली. "आकड्याकडे बघू नका काका. काम करा."

त्याने गल्लीतले मिक्सर बंद करायला लावले. माणसं दारांत येऊन उभी राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आकडा शून्य, आणि लाट चालू. तीस वर्षं पाइपलाइनवर काढलेल्या दशरथने फुटायचं ते सगळं फुटताना पाहिलं होतं, पण आपल्यात काहीच उरलं नाही असं सांगत सांगत इतकं काम करणारी वस्तू त्याने आजवर पाहिली नव्हती.

अकरा वाजून सतरा मिनिटांनी लाटेतून एक टोक वर आलं आणि वरच राहिलं. वरच्या सेन्सरपासून चौदा मीटर.

दशरथने टेप लावली. टेप गल्लीतून सरळ आली, गटार ओलांडून द्रौपदीबाईंच्या दारात शिरली आणि स्वयंपाकाच्या ओट्याजवळ थांबली.

"इथे?"

"इथे."

"ह्या लाद्या लेकीने हौसेने बसवल्यात भाऊ, आत्ता दिवाळीत. आणि तुमचं मशीन तर म्हणतंय, माझ्यात काहीच नाही. त्याच्या भरवशावर फोडू?"

दशरथने वाद घातला नाही. त्याने लॅपटॉप आत आणला, जमिनीला टेकवायचा तिसरा सेन्सर जोडून लादीवर ठेवला आणि हेडफोन द्रौपदीबाईंपुढे धरला.

त्या नाइलाजाने खाली बसल्या. पट्टी बांधलेला गुडघा सरळ केला, हेडफोन कानाला लावला. तोंडावर त्रासिक भाव होता, तो हळूहळू गेला. दारातली माणसं बोलायला लागली तसा त्यांनी न बघताच हात वर करून त्यांना गप्प केलं.

"एवढं?" त्यांनी विचारलं. "माझ्या पायाखाली?"

"हो. खाली खडकाला चीर असणार. त्यातून सगळं नाल्यात जातंय."

हा आवाज दशरथने हजारदा ऐकला होता आणि दरवेळी त्याला गळती म्हटलं होतं. आज द्रौपदीबाईंचा चेहरा बघून त्यालाही तो पुन्हा ऐकावासा वाटला. पण त्या हेडफोन द्यायला तयार नव्हत्या. साडेअकराला स्क्रीनवरची लाट बसत गेली. खाली चावी फिरली होती. तरी त्या डोळे मिटून बसूनच राहिल्या.

"थांबलं," त्या शेवटी म्हणाल्या. "उद्या पाणी सुटायच्या आत जोडून होईल?"

"होईल."

त्या उठल्या आणि ओट्याजवळचे दोन हंडे बाहेर नेऊन ठेवले. शेजारून पहार मागून आणली. दशरथने ती घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी दिली नाही.

"पहिला घाव माझा," त्या म्हणाल्या. "नऊ दिवस मीच ह्या पाण्याला शोधायला खाली जात होते."